गाठी आलेली मुळं

सारंगखेड्याहून शहाद्याकडे निघालं की गावाबाहेर डाव्या हाताला हिरव्या जाळीचे मांडव दिसतात. ती दीपमालाची रोपवाटिका. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू आणि पपई अशी सगळी रोपं तिथे मिळायची. नवरा, नवल, शहाद्याला बँकेत नोकरीला. त्याचा रोपांशी संबंध फक्त रविवारी पाइप दुरुस्त करण्यापुरता. बाकी सगळा कारभार दीपमालाचाच होता. पंचक्रोशीतले लोक तिला माला अक्का म्हणायचे. तिच्या रोपांना मर लागत नाही, असं तिचं नाव झालं होतं. आणि खरं सांगायचं तर ते नाव ऐकायची तिला चटक लागली होती.

पपईची रोपं पिशवीत वाढवतात. त्या पिशव्या भरायला दीपमाला दरवर्षी तापीकाठचा पोयटा, नदीचा मऊ गाळ, आणायची, त्यात शेणखत आणि वाळू मिसळायची. गेल्या पावसाळ्यात नदी काठाला भिडली, पोयट्याच्या खाणीकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली आणि ट्रॉली येईना. मागणी मात्र येत होती. विहिरीमागे तिचा वांग्याचा तुकडा रिकामा पडला होता. माती भुसभुशीत, काळीभोर. दोन बायांना लावून तिने तीच माती खणून घेतली आणि पिशव्या भरल्या.

त्या तुकड्यातली वांगी उन्हाळ्यात वाढ खुंटून बसली होती, हे तिला ठाऊक होतं. झाडं उपटताना मुळांवर आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी दिसल्या होत्या. काही तरी रोग असेल म्हणून तिने ती झाडं पेटवून दिली आणि विषय संपवला. झाडं जळाली, पण माती तिथेच राहिली. पिशव्या भरताना हे तिच्या मनात एकदा येऊन गेलं. पण पपई वेगळी आणि वांगं वेगळं, असं स्वतःला सांगून तिने बायांना हात चालवायला सांगितलं.

दसऱ्यानंतर रोपं गेली. सगळ्यात मोठी खेप तिचा धाकटा भाऊ नवनीत याने नेली. त्याचं शेत पलीकडच्याच गावात, तापीच्या पाण्यावरचं. आणि काही रोपं नेली कमलीबाई पावराने.

कमलीबाई म्हसावदच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. ती आणि तिचा नवरा उदेसिंग दिवाळी झाली की दरवर्षी गुजरातेत मजुरीला जायचे आणि होळीला परतायचे. त्या वर्षी त्यांच्या शेतातल्या विहिरीला पहिल्यांदाच टिकेल असं पाणी लागलं होतं. दोघांनी ठरवलं, यंदा जायचं नाही, पपई लावायची. रोपं घेताना कमलीबाईने खड्डा केवढा, अंतर किती, पाणी कधी, हे सगळं दोनदोनदा विचारून घेतलं होतं. जीपच्या टपावर पिशव्या चढवताना एकेक पिशवी तिने तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी वर दिली होती. तेव्हा दीपमालाला ते पाहून बरं वाटलं होतं.

सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा संपली, थंडी पडली आणि एका सकाळी कमलीबाई रोपवाटिकेत येऊन उभी राहिली. डोक्यावर एक पोतं. पोत्यात तिने पपईचं एक अख्खं झाड मुळासकट, मातीसकट उपटून आणलं होतं. पानं पिवळी पडताहेत, दुपार झाली की झाडं माना टाकतात, संध्याकाळी थोडी सावरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं ती सांगत होती.

गल्ल्यापाशी चारपाच गिऱ्हाइकं उभी होती, सगळी आसपासच्या गावांतली, ओळखीची. दीपमालाने पोत्याचं तोंड जरासं खाली ओढलं. वरची पिवळी पानं दिसली. पोतं आणखी खाली ओढलं असतं तर मुळं दिसली असती. तिचा हात तिथे थांबला. का थांबला, हे तिला त्या क्षणीही पुरतं ठाऊक होतं. विहिरीमागचा तुकडा तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला होता.

तिने पोत्याचं तोंड पुन्हा आवळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाणी जास्त व्हयनं तुन्हं. डोंगरमाधला लोकेस्ले पपई नही जमत, कमलीबाई. पाणी कमी कर."

उभ्या असलेल्यांपैकी कुणी तरी हसलं. कमलीबाई हसली नाही, चिडलीही नाही. किती कमी करू, एवढंच तिने विचारलं. निम्मं कर, असं दीपमालाने सांगितलं. मान हलवून कमलीबाई बसथांब्याकडे चालू लागली. पोतं तिने तिथेच ठेवलं होतं. दीपमालाने ते कामाच्या बाईकडून शेडमागे टाकायला लावलं.

संक्रांतीनंतर नवनीतचा फोन आला. त्याच्याही पपया माना टाकत होत्या. त्याने खत दिलं, औषध फवारलं, काही उपयोग झाला नाही. आता नंदुरबारहून कृषी केंद्राच्या निशा मॅडम बघायला येणार होत्या. तूही ये, तुला कळतं त्यातलं, असं तो म्हणाला. दीपमाला गेली. न जाण्यासारखं कारण तिला सुचलं नाही.

निशा मॅडम तिशीच्या आतबाहेर, धडगावकडच्याच, बोलायला साध्या. पानांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. एका झाडाभोवतीची माती कुदळीने सैल करून त्यांनी मुळं बाहेर काढली, बादलीत धुतली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. मुळांवर गाठीच गाठी होत्या. काही मोहरीएवढ्या, काही एकमेकींत मिसळून बोटाएवढ्या झालेल्या. नवनीतला वाटलं हुमणी असेल, वाळवी असेल. मॅडमनी मान हलवली. गाडीतून त्यांनी छोटा सूक्ष्मदर्शक आणला, एक गाठ ब्लेडने चिरली, काचेवर ठेवली आणि बहीणभावांना आळीपाळीने बघायला सांगितलं.

दीपमालाने डोळा लावला. गाठीच्या आत मोत्यासारखं पांढरं, नासपतीच्या आकाराचं काही तरी रुतून बसलं होतं. त्याच्या शेपटाशी पिवळसर चिकट गोळा, आणि त्या गोळ्यात अंडी, मोजता येणार नाहीत इतकी.

ही मादी, मॅडम सांगू लागल्या. याला सूत्रकृमी म्हणतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू धाग्यासारखं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो ओलावा असतो, त्यातून ते सरपटत जातं. वाढणाऱ्या मुळातून सारखं काही ना काही पाझरत असतं, पिल्लू त्याचाच माग काढत येतं. मुळाच्या टोकाच्या मागे जो कोवळा भाग असतो, तिथे ते शिरतं. तोंडात सुईसारखा काटा असतो, त्याने पेशी टोचतं. मग आत एका जागी बसतं आणि आजूबाजूच्या पेशींना असं काही करतं की त्या फुगतात, त्यालाच पोसायला लागतात. त्याची ही गाठ. झाडाने वर पाठवायचं पाणी आणि अन्न इथेच अडतं. म्हणून माती ओली असली तरी झाड दुपारी तहानेलं दिसतं.

"मंग पाणी कमी करानं का?" नवनीतने विचारलं.

"नाही नाही. पाणी तोडलं तर झाड आणखी लवकर जाईल," मॅडम म्हणाल्या. "मुळं आधीच अधू झालीत. थोडं थोडं, पण वरचेवर द्यायचं."

 दीपमालाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढलाच नाही, कारण काढला असता तर कुणाच्या तरी नजरेला नजर द्यावी लागली असती.

हे शेतात आलं कुठून, असं नवनीतने विचारलं. मॅडमनी तीनचार वाटा सांगितल्या. आधीचं पीक, दुसऱ्याच्या शेतातून आलेलं अवजार, वाहून आलेलं पाणी. आणि रोपं. गाठी बघितल्या तर सगळ्यात जुन्या, सगळ्यात मोठ्या अगदी बुंध्याजवळ आहेत, पिशवीच्या मातीत वाढलेल्या मुळांवरच. रोपं कुठली, असं त्यांनी विचारलं.

नवनीत छाती पुढे काढून म्हणाला, "मन्ही बहीननी नर्सरीना रोपं शेतस, मॅडम. त्यास्मा खोट निंघाव नही."

मॅडमनी दीपमालाकडे पाहिलं. पाहण्यात आरोप नव्हता, नुसती विचारणा होती. पिशवीत माती कुठली भरली होती, असं त्यांनी विचारलं.

"तापीचा पोयटा," दीपमाला म्हणाली. "दरवर्षीचाच."

शब्द तोंडातून निघून गेले. मॅडमनी ते लिहून घेतले. मग नवनीतकडे वळून, या वावरात आधी काय होतं, असं विचारलं. टोमॅटो होते, तो म्हणाला. मग तिथूनच असेल कदाचित, मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. नवनीतचा चेहरा उतरला. आपणच आपल्या शेतात रोग सांभाळला, असं तो स्वतःशी बोलू लागला. वहिनी, नवनीतची बायको, शेतातल्या घराच्या दारातून म्हणाली की तरी मी टोमॅटोनंतर वावर पडीक ठेवा म्हणत होते. नवनीतने ऐकून घेतलं. दीपमाला बाजूला उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. जेवून जा म्हणून भावाने आग्रह केला, तर घरी पाहुणे यायचेत असं सांगून ती निघाली. पाहुणे कुणीही येणार नव्हते.

घरी आल्यावर ती आधी शेडमागे गेली. उतरत्या उन्हात कमलीबाईचं पोतं टाकलं होतं तिथेच पडलं होतं, कुणी त्याला हात लावला नव्हता. तिने ते उलटं केलं. झाड वाळून काटकी झालं होतं, पण मुळं शाबूत होती, आणि गाठीही. बुंध्याशी मोठ्या, पुढे लहान होत गेलेल्या. मॅडमनी सांगितलं होतं तसंच. पिशवीच्या मातीचा गोळा अजून बुंध्याला धरून होता, आणि त्या काळ्या मातीत वांग्याच्या मुळाचा एक जुना तुकडा होता. तोही गाठाळलेला.

नवल घरी आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. तिने त्याला सगळं सांगितलं.  कुणाला माहीत आहे, तो म्हणाला. नवनीतला वाटतंय त्याच्या मातीचा दोष, मॅडमनाही तसंच वाटतंय. पुढच्या वर्षी पोयटा आणू. तो वाईट माणूस नव्हता. बायकोचं नाव खराब होऊ नये एवढंच त्याला वाटत होतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर दीपमालाला आणखीच लाज वाटली, कारण अगदी हेच ती स्वतः वाटेत मनात घोळवत आली होती.

"कमलीबाई पाणी तोडी बठनी व्हई," ती म्हणाली. "मीच सांगेल व्हतं तिले."

दुसऱ्या दिवशी ती म्हसावदची बस धरून गेली, तिथून पुढे जीपने. पाड्यावर उतरून विचारत विचारत कमलीबाईच्या शेताशी पोचली. उतारावरचं लहानसं वावर, दगड वेचून बांधाला रचलेले. पपयांच्या ओळी इतक्या सरळ होत्या की दोरी धरून लावल्यासारख्या. बहुतेक झाडं वाळली होती. जी उभी होती त्यांच्या शेंड्याला मूठभर पानं होती. मातीला भेगा पडल्या होत्या. पाणी निम्मं कर म्हटल्यावर कमलीबाईने ते निम्म्याच्याही खाली आणलं होतं, चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

कमलीबाई बांधावर आली. दीपमालाला पाहून आधी चकित झाली, मग तिच्या चेहऱ्यावर एकदम ओशाळेपणा आला. एवढ्या लांब आल्या म्हणून तिने घरातून खाट आणवली, कोरा चहा केला. मग अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत ती सांगू लागली. तिला पाण्याचा अंदाज आला नाही. रोपं चांगली होती, तिनेच वाया घालवली. उदेसिंग एक दिवस गाठोडं बांधून बारडोलीकडे ऊस तोडायला गेला. तिला घेऊन गेला नाही. उरलेलं तरी नीट बघ, म्हणाला.

"तुन्हं नाव खराब व्हयनं मन्हामुळे, बाई," कमलीबाई म्हणाली. "लोके पुसतस, रोपं कोठली."

चहाचा पेला दीपमालाच्या हातात तसाच राहिला. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बोलायला सोपं गेलं असतं. हातातला पेला खाली ठेवून ती उठली, जवळच्या एका मेलेल्या झाडाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते उपटलं. मुळं झटकून तिने कमलीबाईपुढे धरली. गाठी दाखवल्या. ही कीड आहे, डोळ्यांना दिसत नाही, पिशवीतल्या मातीत होती, असं सांगितलं. ती माती दीपमालाच्याच वांग्याच्या वावरातली होती. वांग्याला हेच झालं होतं आणि तिने ते पाहिलं होतं. पाणी तोड असं सांगितलं ते साफ चुकीचं होतं. तू पोतं घेऊन आलीस तेव्हा मी मुळं बघायला हवी होती, मला संशय होता, म्हणूनच मी बघितली नाहीत.

 कमलीबाईने मुळं हातात घेतली, एक गाठ नखाने फोडून बघितली.  मग तिने विचारलं की पाणी दिलं असतं तर झाडं वाचली असती का. सगळी नाही, काही वाचली असती, दीपमालाने सांगितलं. हे सांगताना तिला कमलीबाईकडे बघवलं नाही.

बघायचं टाळत तिची नजर खाली उतारावर गेली, आणि तिथे तिला आणखी एक गोष्ट दिसली. पपईच्या सऱ्यांचं जास्तीचं पाणी खाली कमलीबाईच्या जावेच्या, जसोदाबाईच्या मिरचीत उतरायचं. मिरचीचा वरचा पट्टा, जिथे ते पाणी शिरत होतं, पिवळा पडू लागला होता. पाण्यासोबत कीडही खाली गेली असणार, हेही तिने सांगितलं. कमलीबाईने वळून मिरचीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा कठोर झाला. जसोदानं माझं काय वाईट केलं होतं, असं ती पुटपुटली. ते दीपमालाला उद्देशून नव्हतं, पण लागायचं तिथे लागलं.

नवी रोपं देते, पुढच्या हंगामात स्वतः येऊन लावून देते, असं दीपमाला घाईघाईने बोलू लागली. कमलीबाईने हात वर करून तिला थांबवलं.

"जठे बोलनी, तठेच बोल," ती म्हणाली. "त्या लोके व्हतात ना, त्यास्नापुढे. आनि उदेसिंगले फोन कर."

उदेसिंगचा फोन तिथेच लागला. मागे मजुरांचा गलका होता. दीपमालाने पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी जास्त अडखळत. तुमच्या बायकोची काही चूक नव्हती, हे तिने दोनदा म्हटलं. पलीकडे तो नुसता हं हं करत राहिला. शेवटी म्हणाला की मुकादम बोलावतोय, आणि फोन कमलीबाईला द्यायला सांगितला. ते दोघं पावरी बोलीत काही बोलले. दीपमालाला त्यातलं काही कळलं नाही, आणि कळावं असा आपला अधिकार नाही असं तिला वाटलं. ती बांधापर्यंत चालत गेली आणि पाठ करून उभी राहिली.

परत आल्यावर तिने आधी निशा मॅडमना फोन केला आणि पोयटा म्हणाले ते खोटं होतं, असं सांगितलं. मॅडमनी बाकीची रोपं कुणाकुणाकडे गेली ते विचारलं. तिने आठवून आठवून नावं सांगितली. मॅडम कमलीबाईच्या पाड्यावर जायला तयार झाल्या. मिरचीचा खालचा पट्टा वाचवता येईल, म्हणाल्या. नवनीतकडे ती स्वतः गेली. भावाने ऐकून घेतलं आणि तो आत निघून गेला. वहिनीने चहा विचारला नाही.

राहिली होती ती गल्ल्यापाशी बोलायची गोष्ट. बाजाराच्या दिवशी कमलीबाई येणार होती. सकाळी गिऱ्हाइकं जमली, त्यात त्या दिवशी हसलेला माणूसही होता. कमलीबाई आली आणि एका बाजूला उभी राहिली, डोक्यावरून पदर घेऊन, हात बांधून. दीपमालाने रात्रभर शब्द जुळवले होते, पण तोंड उघडल्यावर त्यातलं काही आठवेना.  मिरचीच्या ट्रेवरचा हात ती काढेना. शेवटी ती बोलली ते असं:

"मागे कमलीबाईस्ले मी बोलनी व्हती, डोंगरना लोकेस्ले पपई जमत नही म्हनीसन. त्यास्नं काहीच चुकनं नही. मन्ही मातीमा कीड व्हती. माले माहीत व्हतं."

त्यास्नं, कमलीबाईस्ले. इतकी वर्षं तिने पाड्यावरच्या कुणालाही असं आदराने म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तर ते उसनं आणल्यासारखं वाटलं.  एकाने हातातली रोपं हळूच खाली ठेवली. दुसऱ्याने आपल्या पपयांचं काय, असं विचारलं, आणि मग सगळेच विचारू लागले. कमलीबाईने एवढं ऐकलं, मान हलवली आणि ती निघाली. 

उन्हाळाभर रोपवाटिका बंदच राहिली. मॅडमच्या सांगण्यावरून विहिरीमागच्या तुकड्यावर पाणी देऊन तिने पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीने दाबल्या आणि आतली कीड मरावी म्हणून वैशाखाच्या उन्हात ती जमीन भाजू दिली. उरलेल्या पिशव्या जाळल्या. नवनीतने निम्मी बाग मोडून त्यात झेंडू लावला. झेंडूच्या मुळांशी ही कीड टिकत नाही, म्हणतात. राखीला तो आला, पण नेहमीसारखा राहिला नाही. राखी बांधून घेतली आणि दिवस असतानाच परतला.

पावसाळ्यात तिने पुन्हा रोपं सुरू केली, मातीऐवजी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात. येईल त्याला आता ती स्वतःच रोप पिशवीतून उलटं काढून, मुळं धुऊन दाखवते. लोक वाकून बघतात. दरवेळी तिच्या मानेवर घाम येतो.

एक दिवस जसोदाबाई मिरचीची रोपं न्यायला आली. तिने बारा ठिकाणची मुळं बघितली, मगच ट्रे निवडले. दीपमालाने कमलीबाईची चौकशी केली. तिने ज्वारी पेरली आहे, जसोदाबाईने सांगितलं. उदेसिंग होळीला आला होता. दिवाळीनंतर दोघं पुन्हा गुजरातेत जाणार आहेत. विहिरीला पाणी आहे, पण उदेसिंगचं पपईवरून मन उडालं.

दीपमालाने वाढवून ठेवलेली पपईची रोपं दाखवली. निरोगी होती, मॅडमनी तपासलेली. ही तिच्यासाठी घेऊन जा, नाही तर मी पोचवते, ती म्हणाली.

जसोदाबाईने रोपांकडे पाहिलं. तिला विचारून सांगते, म्हणाली. मग ट्रे उचलून ती जीपकडे गेली.

निरोप अजून आलेला नाही. रोपं आता पिशवीत मावेनाशी झाली आहेत. दुसरी गिऱ्हाइकं ती मागतात, पण दीपमाला देत नाही. रोज सकाळी ती त्यांना पाणी घालते.